"जेल नको, फक्त मार थांबायला हवा": संरक्षण आदेश म्हणजे नक्की काय?

मी तेव्हा बारावीत होते. रात्रीचे साडेदहा वाजले असतील. दाराची बेल एकदाच, अगदी हळू वाजली. दारात वरच्या मजल्यावरची ताई उभी होती. कडेवर तीन वर्षांचा मुलगा, पायात चप्पल नाही. आईने काहीही न विचारता तिला आत घेतलं, दार लावलं आणि फ्रीजमधला बर्फ रुमालात गुंडाळून तिच्या हातात दिला. बाबांनी मुलाला टीव्हीवर कार्टून लावून दिलं.

त्या रात्री आमच्या ठाण्याच्या घरात, स्वयंपाकघरातल्या टेबलाभोवती बसून सगळे एकच गोष्ट शोधत होते, ती म्हणजे मार्ग. आणि प्रत्येकाच्या तोंडून एकेक अडचण बाहेर येत होती.

ताई म्हणाली, "काकू, मला त्याला जेलमध्ये नाही टाकायचंय. मुलाचा बाप आहे तो. मला फक्त मार थांबायला हवाय."

बाबा म्हणाले, "पोलिसात गेलीस की संसार संपला, एवढं लक्षात ठेव."

आई म्हणाली, "घर तर सासूबाईंच्या नावावर आहे ना? उद्या बाहेर काढलं तर कुठे जाशील?"

ताई म्हणाली, "इंदूरला आईकडे गेले तर केससाठी दर तारखेला इथे यावं लागेल. मुलाला घेऊन कसं जमायचं?"

शेवटी आजी हळूच बोलली, "आणि तो उद्या आपल्या दारात येऊन तमाशा करेल, त्याचं काय?"

बारा वाजता ताई मुलाला घेऊन परत वर गेली. काही महिन्यांनी ते कुटुंब घर बदलून निघून गेलं. आमचा संपर्क तुटला.

पुढे कामानिमित्त कायद्याविषयी वाचायला लागले तेव्हा कळलं, की ताईने त्या रात्री जे मागितलं होतं, नेमकं तेच देणारा कायदा देशात दहा वर्षांहून जास्त काळ लागू होता. आमच्या टेबलाभोवती बसलेल्या पाच शिकलेल्या माणसांपैकी एकालाही तो माहीत नव्हता. म्हणून आजच्या लेखात मी त्याच रात्रीची वाक्यं एकेक करून घेणार आहे. कदाचित तुमच्या घरात, किंवा तुमच्या वरच्या मजल्यावर, आजही कुणीतरी हीच वाक्यं बोलत असेल.

"मला त्याला जेलमध्ये टाकायचं नाही"

कायद्याचं नाव लांबलचक आहे: कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५. तो २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. आपल्याकडे बऱ्याच जणांच्या डोक्यात नवऱ्याविरुद्धची तक्रार म्हणजे ४९८-अ, अटक, जामीन हेच चित्र असतं. ते फौजदारी कलम आहे. १ जुलै २०२४ पासून ते भारतीय न्याय संहितेच्या कलम ८५ आणि ८६ मध्ये गेलं आहे. त्यात छळ हा गुन्हा आहे आणि शिक्षा तीन वर्षांपर्यंत आहे.

२००५ च्या कायद्याची वाट वेगळी आहे. इथे तुम्ही मॅजिस्ट्रेटसमोर अर्ज करता. हा एफआयआर नाही. अर्ज केला म्हणून कुणाला अटक होत नाही. झालेल्याची शिक्षा मागण्यापेक्षा पुढचा मार थांबवणं, राहायला सुरक्षित जागा मिळणं आणि खर्चाची सोय होणं हा या अर्जाचा हेतू असतो. घटस्फोट मागायचीही गरज नाही. लग्न टिकवून हा अर्ज करता येतो.

मॅजिस्ट्रेटला कलम १८ खाली संरक्षण आदेश देता येतो. त्यात समोरच्याला स्पष्ट मनाई करता येते:

• हिंसा करायची नाही आणि दुसऱ्या कुणाकडून करवून घ्यायची नाही.
• ती नोकरी करते तिथे जायचं नाही. मूल असेल तर त्याच्या शाळेतही जायचं नाही.
• तिच्याशी कोणत्याही मार्गाने संपर्क करायचा नाही. फोन, मेसेज, चिठ्ठी सगळं त्यात येतं.
• दोघांचं बँक खातं, लॉकर किंवा तिचं स्त्रीधन परस्पर वापरायचं किंवा विकायचं नाही.

प्रत्येक प्रकरणात या सगळ्या मनाया लागतातच असं नाही. जे मागितलं आणि जे गरजेचं वाटलं, ते आदेशात येतं. ताईला हवं होतं ते यातलं पहिलंच कलम.

जेलचा प्रश्न येतो तो त्यानंतर. आदेश हातात असताना त्याने तो मोडला, तर कलम ३१ प्रमाणे तो गुन्हा ठरतो. एक वर्षापर्यंत कैद, २० हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे, आणि तो सिद्ध करायला तिची एकटीची साक्षही कोर्टाला पुरेशी वाटू शकते. म्हणजे जेलमध्ये जायचं की नाही, हे एका अर्थी त्याच्याच हातात राहतं.

आणखी एक. या कायद्यात हिंसा म्हणजे फक्त मारहाण नाही. शारीरिक, लैंगिक, शाब्दिक-मानसिक आणि आर्थिक असे चार प्रकार त्यात आहेत. मूल होत नाही किंवा मुलगा होत नाही म्हणून सतत टोमणे मारणं, माहेरच्यांना मारायची धमकी देणं, घरखर्चाला पैसे न देणं, तिचे दागिने काढून घेणं, हे सगळं यात बसतं.

अर्ज फक्त बायकोच करू शकते असंही नाही. एका घरात राहणारी किंवा राहिलेली आई, बहीण, मुलगी, वहिनी, तसंच लग्नासारख्या नात्यात राहणारी जोडीदारही करू शकते. मुलगा त्रास देत असेल तर म्हातारी आईसुद्धा याच दारात जाऊ शकते. आणि २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कायद्यातले 'प्रौढ पुरुष' हे शब्द काढून टाकले. सासू, नणंद अशा स्त्रियांविरुद्धही अर्ज करता येतो. पुरुषांना मात्र या कायद्याखाली स्वतःसाठी अर्ज करता येत नाही. वृद्ध आईवडील दोघांसाठी २००७ चा ज्येष्ठ नागरिकांचा वेगळा कायदा आहे.

"घर तर सासूबाईंच्या नावावर आहे"

आईच्या या वाक्यात तेव्हा तथ्य होतं, हे मान्य करायला हवं. २००६ च्या डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने बत्रा प्रकरणात म्हटलं होतं, की घर सासूच्या मालकीचं असेल तर सुनेला तिथे राहण्याचा हक्क सांगता येणार नाही. पुढची जवळपास चौदा वर्षं हा निकाल सुनांच्या आड येत राहिला.

१५ ऑक्टोबर २०२० ला तीन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने सतीश चंदर आहुजा विरुद्ध स्नेहा आहुजा या प्रकरणात तो निकाल चुकीचा ठरवला. आता घर कुणाच्या नावावर आहे एवढ्यावरच गोष्ट संपत नाही. ती त्या घरात कुटुंबाचा भाग म्हणून नांदत होती का, हे पाहिलं जातं. २०२२ च्या प्रभा त्यागी प्रकरणात न्यायालय आणखी पुढे गेलं. ती प्रत्यक्ष त्या घरात राहिली नसली, तरी नात्यामुळे तिला तिथे राहण्याचा हक्क असेल तर तो मागता येतो, असं त्यात म्हटलं आहे.

कलम १९ खाली मॅजिस्ट्रेट निवासाचा आदेश देऊ शकतात. तिला घराबाहेर काढू नका, असं सांगू शकतात. गरज पडली तर त्यालाच घर सोडायला लावू शकतात. किंवा तिच्यासाठी त्याच दर्जाची दुसरी जागा बघा, नाहीतर भाडं द्या, असंही सांगू शकतात. घरातल्या स्त्रियांना मात्र या कलमाखाली घर सोडायला लावता येत नाही.

इथे एक गैरसमज टाळूया. हा राहण्याचा हक्क आहे, मालकीचा नाही. सासूबाईंचं घर सुनेच्या नावावर होत नाही, आणि म्हाताऱ्या सासूसासऱ्यांच्या शांततेचाही विचार कोर्टाने करायचा असतो. पण रात्री साडेदहाला चपलेशिवाय घराबाहेर पडावं लागणं, हे आता 'घर आमचं आहे' या एका वाक्याने योग्य ठरत नाही.

"इंदूरला गेले तर केस कुठे करू?"

आपले वाचक देशभर पसरलेले आहेत. माहेर सांगलीत आणि सासर बडोद्यात, किंवा सासर पुण्यात आणि माहेर हैदराबादला, अशी कितीतरी घरं आहेत. त्यांच्यासाठी कलम २७ फार महत्त्वाचं आहे.

ती जिथे कायमची किंवा तात्पुरती राहते, जिथे नोकरी-व्यवसाय करते, जिथे समोरचा राहतो, किंवा जिथे त्रास झाला, यापैकी कुठल्याही ठिकाणच्या मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करता येतो. 'तात्पुरती' हा शब्द पुन्हा एकदा वाचा. म्हणजे ताई इंदूरला आईकडे गेली असती, तर तिथल्या कोर्टात अर्ज करू शकली असती. फेऱ्या तिला नाही, त्याला माराव्या लागल्या असत्या. आणि इंदूरच्या कोर्टाचा आदेश ठाण्यातही तितकाच लागू झाला असता, कारण या कायद्याखालचे आदेश संपूर्ण भारतात अंमलात आणता येतात.

"तो आपल्या दारात येऊन तमाशा करेल"

आजीची भीती खोटी नव्हती. मदत करणाऱ्याला त्रास होतो, म्हणूनच शेजारी दार लावून घेतात. कायदा करणाऱ्यांनी हाही विचार केलेला आहे. त्याच कलम १८ मधल्या संरक्षण आदेशात, तिला मदत करणाऱ्या व्यक्तीला आणि तिच्या नातेवाइकांना त्रास द्यायचा नाही, अशीही मनाई घालता येते. म्हणजे आमचं दारसुद्धा त्या आदेशात आलं असतं.

शिवाय कलम ४ सांगतं, की हिंसा होते आहे किंवा होण्याची शक्यता आहे असं वाटणारा कुणीही संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकतो. चांगल्या हेतूने कळवलं असेल तर त्याबद्दल त्याच्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही. शेजारी, शाळेतल्या बाई, घरकाम करणाऱ्या मावशी, कुणीही.

मग करायचं काय?

पद्धत समजून घेतली की भीती निम्मी होते.

१. जीव धोक्यात असेल तर आधी ११२. बाकी मदतीसाठी महिला हेल्पलाइन १८१. अनेक जिल्ह्यांत 'सखी' वन स्टॉप सेंटर आहे. तिथे तात्पुरता निवारा, समुपदेशन, वैद्यकीय आणि कायदेशीर मदत एकाच छताखाली मिळते.

२. डॉक्टरकडे जा आणि खरं कारण सांगा. 'बाथरूममध्ये पाय घसरला' असं लिहिलेला कागद पुढे तुमच्याच विरुद्ध जातो.

३. संरक्षण अधिकाऱ्याला भेटा. जिल्ह्याच्या महिला व बालविकास कार्यालयात चौकशी केली तर नाव कळतं. ते घटनेचा अहवाल तयार करतात आणि अर्ज करायला मदत करतात. मात्र हा अहवाल नसला तरी अर्ज अडत नाही. तुम्ही स्वतः किंवा तुमच्या वतीने दुसरं कुणीही थेट मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करू शकतं.

४. वकिलाचे पैसे नाहीत म्हणून थांबू नका. स्त्रियांना, उत्पन्न कितीही असो, विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो. त्यासाठीचा देशभराचा नंबर १५१०० आहे.

५. अर्जात काय काय हवं ते स्पष्ट लिहा: संरक्षण, राहण्याची जागा, खर्च, मुलाचा तात्पुरता ताबा, भरपाई, स्त्रीधन परत. परिस्थिती गंभीर असेल तर कलम २३ खाली अंतरिम आदेश मागा. समोरच्याचं म्हणणं ऐकण्याआधीही, तुमच्या प्रतिज्ञापत्रावर, तो मिळू शकतो.

६. कागद एकत्र ठेवा: आधार, लग्नाचा पुरावा, मुलांचे जन्मदाखले, पासबुक, दागिन्यांची यादी, दवाखान्याचे कागद, जखमांचे फोटो, मेसेजचे स्क्रीनशॉट. एक संच विश्वासाच्या माणसाकडे ठेवा. आणि तुमचा फोन घरात दुसरं कुणी बघत असेल, तर हा लेखसुद्धा वाचून झाल्यावर हिस्टरीतून काढून टाका.

आदेश मिळाल्यावर

आदेशाची प्रत मोफत मिळते आणि एक प्रत हद्दीतल्या पोलीस स्टेशनला जाते. तरीही स्वतः जाऊन ती तिथे पोहोचली का, याची खात्री करा. एक प्रत पर्समध्ये, फोटो मोबाइलमध्ये, एक मुलाच्या शाळेत. आदेश मोडला गेला तर त्याच दिवशी तारीख-वेळेसह लिहून तक्रार द्या. 'एकदाच तर मेसेज केला' म्हणून सोडून दिलं, की पुढचा मेसेज दारावरच्या थापेत बदलायला वेळ लागत नाही.

हा आदेश ठरावीक दिवसांनी आपोआप संपत नाही. तुम्ही स्वतः तो रद्द करण्यासाठी अर्ज करेपर्यंत तो चालू राहतो. परिस्थिती बदलली असेल तर दोघांपैकी कुणीही त्यात बदल मागू शकतं, आणि निर्णय पटला नाही तर ३० दिवसांत सत्र न्यायालयात अपील करता येतं. त्यामुळे 'बाईने अर्ज केला की पुरुषाचं ऐकतच नाहीत' हेही खरं नाही.

गाडी कुठे अडते?

सगळं छान छान लिहून मी तुम्हाला फसवणार नाही. कायद्यात पहिली तारीख साधारण तीन दिवसांत आणि निकाल ६० दिवसांत लावण्याचा प्रयत्न करावा, असं लिहिलं आहे. प्रत्यक्षात कितीतरी अर्ज महिनोन्महिने रेंगाळतात. अनेक ठिकाणी संरक्षण अधिकाऱ्याचं पद म्हणजे दुसऱ्याच कुणाकडे दिलेला जादा कार्यभार असतो. २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला राज्यांना पुन्हा सांगावं लागलं, की जिल्हा आणि तालुका पातळीवर हे अधिकारी नेमा. कायदा लागू झाल्यानंतर जवळपास १९ वर्षांनी!

म्हणूनच अंतरिम आदेश पहिल्याच तारखेला मागणं महत्त्वाचं. आणि म्हणूनच सोबत एक माणूस असणं महत्त्वाचं. कोर्टाच्या बाकावर शेजारी बसणारं, मुलाला सांभाळणारं, 'तारीख पडली तरी चालेल, आपण येऊ' म्हणणारं.

आपण, जे दाराच्या या बाजूला आहोत

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या स्त्रियांना विचारलं, की तुम्ही मदत मागितली का? फक्त १४ टक्के स्त्रियांनी मागितली होती. ७७ टक्के स्त्रियांनी ना मदत मागितली, ना कधी कुणाला सांगितलं.

हा आकडा वाचला तेव्हा मला ती हळू वाजलेली बेल आठवली. ताई त्या १४ टक्क्यांतली होती. ती जिना उतरून आली होती, तिने सांगितलं होतं. आम्ही तिला बर्फ दिला, चहा दिला, मनापासून हळहळलो. पण तिला काय करता येईल, हे सांगू शकलो नाही. आणि ती परत वर गेली.

आता आई सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दर काही महिन्यांनी १८१ आणि १५१०० हे दोन नंबर टाकते. सोबत काही लिहीत नाही. मागच्या दिवाळीत एका काकूंनी तिला जिन्यात थांबवून विचारलं, "ते नंबर खरंच उचलतात का हो?" आई म्हणाली, "चला, आपण दोघी मिळून लावून बघू."

तुमच्या दारावरची बेलही कधीतरी अशीच हळू वाजेल. तेव्हा चहा ठेवाच. पण "सहन कर" आणि "पोलिसात जा" यांच्यामध्ये तिसरी वाटही आहे, हेही तिला सांगा. आणि हे वाचणाऱ्या छोट्या दोस्तांनो, घरात आईला किंवा तुम्हाला कुणी मारत असेल तर तो तुमचा दोष नाही. १०९८ हा मुलांचा नंबर आहे. तो पाठ करून ठेवा.